दोन मिनिटं दिसायची परवानगी

आमच्या वर्कशॉपमध्ये बावीस वर्षं पत्रं टाइप करणाऱ्या बाईनं मोबाइलचं ॲप बनवलं, असं मी कुणालाही सांगितलं की समोरचा माणूस माझ्याकडे संशयानं बघतो. मी थापा मारत नाही. मी बसच्या वर्कशॉपचं स्टोअर सांभाळते, नटबोल्टपासून गिअरबॉक्सपर्यंत सगळं माझ्या हाताखालून जातं, आणि थापा मारणाऱ्याला मी साधा वायसरसुद्धा देत नाही. तेव्हा सांगते ते निमूट ऐका.

टायपिस्टबाई म्हणजे चणीनं बारीक, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा, आणि टाइप करताना बोटं अशी आपटायची की तिच्या टेबलावर पेन ठेवलं तर ते थरथरत कडेला जाऊन खाली पडायचं. यंत्र बिघडलं की मेकॅनिकची वाट बघणं तिला ठाऊकच नव्हतं. आधी टाइपरायटर उघडून बसायची, मग प्रिंटर, एकदा तर साहेबांच्या केबिनमधलं घड्याळ. ते घड्याळ तेव्हापासून आजतागायत चार मिनिटं पुढे आहे, पण चालतंय, हे महत्त्वाचं.

पुढे सगळेच आपापली पत्रं आपापल्या कॉम्प्युटरवर लिहायला लागले आणि तिच्या टेबलावर काम येईनासं झालं. दुसरी एखादी बाई वही काढून विणकामाचे नमुने उतरवत बसली असती. ही ॲप बनवायला शिकायला लागली. नेटवर फुकटचे धडे असतात म्हणे. संध्याकाळी आणि रविवारी नवऱ्याच्या शिवणाच्या दुकानात, कापड बेतायच्या टेबलाच्या एका कोपऱ्यात लॅपटॉप मांडून बसायची.

मी म्हटलं, "अगं, या वयात?"

"वयानं कुठं टाइप करायचंय? बोटांनी करायचंय," ती म्हणाली.

मग मोठ्या साहेबांचा हुकूम आला. टायपिस्टची जागा बंद, बाईंची बदली दुसऱ्या टोकाच्या डेपोत. बसनं पाच तास. नवऱ्याचं दुकान इथं, त्याची गिऱ्हाइकं इथं, तो काही हलणार नाही. म्हणजे हिनं तिकडे एक खोली घ्यायची, एकटीनं राहायचं आणि सुट्टीला पाहुणीसारखं घरी यायचं. पन्नाशीला टेकलेल्या बाईला ही शिक्षा कशाची, ते मला आजवर कळलेलं नाही.

ती रडत येईल म्हणून मी पाण्याचा ग्लास भरून ठेवला होता. ती आली ती डोळे लकाकत. म्हणाली, "मी साहेबांकडून तीन महिने मागून घेतलेत. ब्रेकची चिठ्ठी मी फोनवरून पोचवून दाखवणार."

ही चिठ्ठी म्हणजे आमच्या डोक्याला कायमचा ताप. आमची शेड लांबलचक, पत्र्याची. आत सहा खड्डे. खड्ड्यावर बस उभी करायची, माणूस खाली उतरून काम करतो. प्रत्येक बसचे ब्रेक शेवटी फोरमन स्वतः तपासतो आणि चिठ्ठीवर सही करतो. ती चिठ्ठी गेटवर पोचली तरच बस बाहेर. एवढंसं काम, पण चिठ्ठी ग्रीसनं माखायची, उडायची, हरवायची. एकदा एक बस तीन तास गेटवर अडकून पडली आणि चिठ्ठी सापडली ती एका फिटरच्या बुटाच्या टाचेला चिकटलेली. फोन करून सांगावं म्हटलं तर त्या पत्र्यात आणि लोखंडात रेंज मिळत नाही.

म्हणून तिनं ब्लूटूथ धरलं. फोनवरून थेट फोनवर, मध्ये रेंज लागत नाही. मला तिनं स्टोअरच्या काउंटरवर समजावून सांगितलं होतं. एरवी फोन अंग चोरून बसलेला असतो. शेजारच्या फोननं कितीही हाका मारल्या तरी ओ देत नाही. त्याला दुसऱ्याला दिसतं करायचं, तर आधी मालकाला विचारावं लागतं. मालक हो म्हणाला तर तो दिसतो, तेही एकशे वीस सेकंद. तेवढ्यात दुसऱ्या फोननं त्याला हेरायचं, ओळख करून घ्यायची. एकदा ओळख झाली की पुढे दिसायची गरज नाही, नुसत्या हाकेला तो ओ देतो. पण पहिली ओळख त्या दोन मिनिटांतच.

आमचा कॉम्प्युटर सेक्शनचा शहाणा म्हणाला, "बाई, कशाला पुन्हा पुन्हा विचारत बसता? सेकंदांच्या जागी शून्य लिहा, जुन्या फोनात तो कायमचा दिसत राहतो."

"दार सताड उघडं टाकून झोपता का तुम्ही?" तिनं विचारलं. त्यानं पुन्हा सल्ला दिला नाही.

अडीच महिन्यांत ॲप उभं राहिलं. काय ते रूप! मोठाली बटणं, ग्रीसच्या बोटांनीही दाबता यावीत अशी. पुढचे ब्रेक, मागचे ब्रेक, पट्टे, हवेचा दाब, खाली सही. मला तर तिच्यापेक्षा जास्त चेव आला होता. फिटर लोकांना मीच दम भरून फोन घेऊन रांगेत उभं केलं. आणि तिथंच गाडी रुतली.

फोनवर तो परवानगीचा प्रश्न यायचा. त्याचे शब्द फोनचे स्वतःचे, ते हिला बदलता येत नाहीत. 'तुमचा फोन १२० सेकंदांसाठी इतर डिव्हाइसना दृश्यमान होईल. अनुमती द्यायची?' आमच्या फिटरांनी जन्मात कधी 'दृश्यमान' हा शब्द ऐकला नव्हता. एकाला वाटलं, आपले सगळे फोटो गेटवर दिसणार. तरी माझ्या धाकानं सगळ्या फिटरांनी हो दाबलं, मीही दाबलं. आणि ॲप म्हणालं, 'परवानगी नाकारली.' पुन्हा दाबलं. पुन्हा, 'परवानगी नाकारली.' सहा खड्डे, सहा फोन, एकच रड.

संशय गेला फोरमनवर. त्याला आम्ही पाठीमागे खविस म्हणायचो. अंगानं आडवा, आवाज असा की खड्ड्यातून बोलला तरी छतावरची कबुतरं उडावीत. त्यानं पहिल्याच दिवशी सगळ्यांदेखत सांगितलं होतं, "मी 'नाही' दाबलंय. माझा फोन कुणाला दिसायला नको." मग फिटर म्हणायला लागले, खविसानंच सगळ्यांना फितवलंय, वर हो म्हणतात आणि गुपचूप 'नाही' दाबतात. माणसं एकमेकांच्या अंगठ्याकडे बघायला लागली.

एका दुपारी ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "तू तरी खरं सांग, काय दाबलंस?"

"हो दाबलं!"

"ॲप तर नाही म्हणतंय."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. बावीस वर्षांची मैत्री, आणि ही माझ्यापेक्षा त्या खोक्यावर विश्वास ठेवते! मी म्हटलं, "मग त्यालाच विचार. आणि डबाही त्याच्याबरोबरच खा." दोन दिवस आम्ही बोललो नाही. मला दोन्ही दिवस अन्न गोड लागलं नाही, हे तिला अजून सांगितलेलं नाही.

सोमवारी साहेबांसमोर चाचणी. चाललं तर इथंच, नाही तर पाच तासांवरची खोली. रविवारी दुपारी माझ्यानं राहवेना. फोन घेऊन तिच्या नवऱ्याच्या दुकानात गेले. म्हटलं, आपण मोठ्या मनानं माफ करून टाकावं.

दुकान म्हणजे दोन मशिनं, एक आरसा आणि भिंतभर टांगलेले अर्धवट कोट. ती कोपऱ्यात लॅपटॉपवर वाकलेली, डोळे लाल. भावजी शिलाई मशिनवर. मला बघून तिनं नुसती खुर्ची सरकवली. आमच्यात माफी अशीच मागतात.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. शर्ट पुढे करून म्हणालं, "बाह्या जरा आखूड कराल का?"

भावजी मान वर न करता म्हणाले, "गुरुवारी."

गिऱ्हाईक शर्ट टेबलावर टाकून खुशीत निघून गेलं. भावजींचं बोलणं हे असं. लग्न ठरलं तेव्हाही म्हणे त्यांनी पसंती अशीच कळवली होती, "पुढच्या महिन्यात चालेल." हिच्या वडिलांना दोन दिवस कळलंच नाही की होकार आलाय.

ती मात्र ताठ झाली. "अहो, त्यानं कराल का विचारलं. तुम्ही हो म्हणालाच नाहीत."

"गुरुवारी म्हणालो ना."

"पण हो कुठं म्हणालात?"

"अगं, नाही करायचं असतं तर वार कशाला सांगितला असता? वार सांगितला म्हणजे हो आलंच की त्यात."

ती एकदम लॅपटॉपवर तुटून पडली. चष्मा दोरीवर लोंबतोय, नाक पडद्याला टेकतंय, आणि तोंडानं "आलंच की त्यात, आलंच की त्यात" असा जप. मला वाटलं, गेली बाई कामातून.

"फोन दे तुझा!" ती ओरडली. मी दिला. प्रश्न आला. "दाब हो!" मी दाबलं, चांगलं जोर लावून. तिनं पडद्यावर बोट ठेवलं. तिथं नुसता आकडा होता. १२०.

"हे बघ! हे बघ! ब्लूटूथ चालू करू का विचारलं की फोनकडून 'ठीक' असं ठरलेलं उत्तर येतं. म्हणून मी इथंही 'ठीक'चीच वाट बघत बसले. पण दिसायला परवानगी आहे का विचारलं की तो 'ठीक' म्हणतच नाही गं! किती सेकंद दिसणार, तो आकडा सांगतो! नाही असेल तर शून्य, हो असेल तर एकशे वीस! आणि माझं ॲप, 'ठीक' आलं नाही म्हणून, प्रत्येक होकाराला नकार समजून पाठ फिरवत होतं!"

"म्हणजे मी हो दाबलं होतं," मी म्हटलं.

"तू हो दाबलं होतंस! सगळ्या फिटरांनी हो दाबलं होतं!"

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. एका ओळीची चूक. तिनं ती तिथल्या तिथं सुधारली, लॅपटॉपचं झाकण पाडलं आणि मला मिठी मारली. मग भावजींनाही मारली, गिऱ्हाइकाच्या शर्टासकट. ते म्हणाले, "टाचण्या आहेत, टाचण्या." मी तर दुकानाच्या दारात येऊन टाळ्या वाजवल्या. समोरच्या चांभारानं विचारलं काय झालं, मी म्हटलं, "फोन हो म्हणाला!" तो बिचारा मान हलवून पुन्हा टाच ठोकायला लागला.

सोमवारी शेड गच्च भरली होती. गेटवरचा फोन तिनं मोठ्या टीव्हीला जोडला होता, म्हणजे सापडलेला प्रत्येक फोन सगळ्यांना दिसावा. मोठे साहेब खुर्चीत, बदलीचा कागद त्यांच्या फाइलीत. तिनं खूण केली, फिटरांनी बटणं दाबली. दहा-बारा सेकंद टीव्हीवर नुसतं गोल चक्र फिरत राहिलं.

आणि मग एकेक नाव टपकायला लागलं! ज्यानं आपल्या फोनला जे नाव दिलं असेल ते. पहिलं आलं 'हात लावू नकोस'. शेड हसली. मग 'पाचवा खड्डा'. मग एकाचा नुसता मॉडेलचा नंबर. मग 'बायको ओरडेल', यावर तर शिट्ट्या पडल्या, आणि तो फिटर कानापर्यंत लाल झाला. पाठोपाठ आणखी एक. पाच नावं! मी टायपिस्टबाईचा दंड इतका जोरात दाबला की तिथं दुसऱ्या दिवशी वळ होता.

सहावं आलं नाही. तिसऱ्या खड्ड्याचं. फोरमनचं.

त्याच्या फोनवर अक्षरं उमटली असणार, 'परवानगी नाकारली.' खोटे नकार कालच संपले होते. हा खरा होता. आणि ब्रेकच्या चिठ्ठीवर सही फक्त फोरमनची चालते. बाकीच्या पाच नावांची नुसती शोभा.

ती खड्ड्याकडे गेली, मी मागोमाग. ती कडेला उकिडवी बसली. खाली बसच्या पोटाखाली, दिव्याच्या उजेडात, खविस हातात फोन धरून उभा होता.

"फोरमनसाहेब, 'नाही' दाबलंत?"

"दाबलं." आवाज खाली आलेला. मी त्याचा आवाज असा कधी ऐकला नव्हता. "नाव दिसतं ना सगळ्यांना?"

"नावच फक्त. बाकी काही दिसत नाही. आणि नाव नको असेल तर बदलू या, अर्ध्या मिनिटाचं काम. 'फोरमन' लिहू."

"बदलता येतं, ठाऊक आहे मला." तो फोनकडेच बघत होता. "आमच्या हिनं घातलंय ते. फोन नवीन आणला त्या दिवशी. मी ओरडलो होतो तिच्यावर, हे काय पोरकट नाव म्हणून. तिला जाऊन तीन वर्षं झाली. रोज बदलायला जातो, आणि रोज तसंच ठेवतो."

मला त्याची कणव आली. पण माझा स्वभाव मेला असा की आतून एकीकडे वाटतच होतं, अरे बाबा, दोन मिनिटांचा प्रश्न आहे, दाब की! मी तिला कोपरानं ढोसलं. समजाव त्याला. तुझं सगळं यावर आहे.

ती म्हणाली, "मग नाहीच म्हणा तुम्ही. विचारलंय म्हणजे नाही म्हणायची सोय असतेच. नाही तर विचारायचं कशाला?" आणि उठली. "मी साहेबांना सांगते, चिठ्ठी येणार नाही."

मी तिचा पदर धरला. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं? ती पाच तासांवरची खोली दिसतेय ना तुला?"

"दिसतेय," ती म्हणाली आणि चालायला लागली. हात तिनं पाठीमागे एकमेकांत घट्ट धरले होते. मला तिचा भयंकर राग आला, आणि त्याच वेळी अभिमानही वाटला.

ती साहेबांसमोर उभी राहिली. "साहेब, ब्रेकची चिठ्ठी..."

टीव्ही टिंग वाजला. यादीत सहावं नाव आलं होतं.

'लाडोबा'.

वरच्या कबुतरांचं घुमणं तेवढं ऐकू येत होतं. फिटर टीव्हीकडे बघतायत, मग तिसऱ्या खड्ड्याकडे, मग पुन्हा टीव्हीकडे. आणि त्या नावाखाली चिठ्ठी उलगडली. बसचा नंबर. पुढचे ब्रेक ठीक. मागचा डावा पट्टा बदलला. हवेचा दाब ठीक. सही.

साहेबांनी चष्मा सारखा केला. "हा लाडोबा कोण?"

खड्ड्यातून आवाज आला, नेहमीचा, कबुतरं उडवणारा. "मी! चिठ्ठी वाचा साहेब, नाव काय वाचत बसलाय!"

कुठून तरी हसू फुटलं. पण ते चेष्टेचं नव्हतं, मी शपथेवर सांगते. माणसं टाळ्या वाजवत होती, पान्यानं पत्रा बडवत होती. गेटवाल्यानं आडवा दांडा उचलला आणि बस चिठ्ठीच्या कागदावाचून बाहेर पडली. पहिल्यांदाच! मी रडत होते आणि ओरडत होते, दोन्ही एकदम. साहेबांनी फाइलीतून बदलीचा कागद काढला, तिच्या हातात दिला आणि म्हणाले, "हा तुम्हीच फाडा, बाई. उद्यापासून सहाही खड्ड्यांवर हेच चालू करा." तिनं तो माझ्या हातात कोंबला. मी फाडला, चांगले बारीक बारीक तुकडे करून.

या गोंधळात फोरमन वर आला होता. चिंधीनं हात पुसत तो टीव्हीसमोर उभा राहिला आणि आपलं नाव वाचत राहिला. कुणी त्याच्याजवळ गेलं नाही. तेवढ्यात यादीतून ते नाव नाहीसं झालं.

"गेलं?" त्यानं विचारलं.

"दोनच मिनिटं असतं ते," ती म्हणाली. "पण काळजी नको, गेटची आणि तुमची ओळख झाली आता. चिठ्ठ्या आपोआप जातील. पुन्हा दिसायची गरज नाही."

त्यानं फोन तिच्यापुढे धरला.

"गरज नसू दे," तो म्हणाला. "पुन्हा विचारा."